ठाण्यातलं घरपोच ‘हार्ट’ चेकअप पॅकेज आणि नंतरचा डॉक्टर: पैसे कुठे वसूल झाले, कुठे नाही

आधीच सांगते, लॅबचं आणि क्लिनिकचं नाव टाकत नाहीये. लॅबच्या शाखा ढीगभर आहेत आणि एका कॉल सेंटरचा राग सगळ्यांवर काढण्यात अर्थ नाही, आणि तसंही नौपाडा, पाचपाखाडी, चरई कुठेही बघा, पॅकेजमध्ये उन्नीस-बीसचाच फरक असतो, त्यामुळे कुठेही बुकिंग करणार असाल तरी हे उपयोगी पडावं.

पॅकेज असं की ऐंशीच्या वर टेस्ट, नावात ‘हार्ट’ आणि ‘प्लस’ दोन्ही, दोघांचं मिळून अडीच हजाराच्या आत, सकाळी घरी येऊन रक्त घेणार, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट फोनवर, आणि वर ‘फ्री डायट कन्सल्टेशन’. मी ४४, नवरा ४८. सासरे ५२ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, त्यामुळे आमच्याकडे हा विषय दर दिवाळीला फराळाच्या ताटावर निघतो आणि भाऊबीजेपर्यंत विरून जातो. यंदा सोसायटीच्या ग्रुपवर डिस्काउंट कोड आला म्हणून मुहूर्त लागला, बाकी काही नाही.

रक्त घ्यायला आलेला पोरगा एक नंबर. वेळेवर आला, हेल्मेट बाहेर चपलांच्या स्टँडवर ठेवलं, निळी कूल बॉक्स, सुईचं पाकीट आमच्यासमोर फोडलं. नवऱ्याला आधी पाच मिनिटं नुसतं बसवलं, मग दंडाला पट्टा बांधला आणि ट्यूबमध्ये रक्त यायला लागल्या लागल्या सैल केला. मी विचारलं एवढी घाई का, तर म्हणाला मॅडम पट्टा जास्त वेळ आवळून ठेवला की कोलेस्ट्रॉलचा आकडा उगाच वर दिसतो. हे मला माहीतच नव्हतं. पिवळ्या टोपणाची ट्यूब लिपिडसाठी (म्हणजे कोलेस्ट्रॉल आणि बाकी चरबी), जांभळी एचबीए१सीसाठी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), करडी शुगरसाठी, आणि बारकोड तिथल्या तिथे चिकटवून नाव-वय आमच्याकडून वदवून घेतलं. फक्त नवऱ्याला सारखं ‘काका, मूठ आवळा’ म्हणत होता आणि मी मात्र मॅडम, तेव्हा नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याबद्दल स्टार कापत नाही. कलेक्शनला पाचपैकी पाच.

उपाशीपोटाचा मात्र त्यांनी बाऊ केला, बारा तास म्हणजे बारा तास, पाण्याशिवाय काही नाही, आदल्या रात्री त्याचे मेसेजवर मेसेज. डॉक्टर नंतर म्हणाले की साध्या लिपिड प्रोफाईलला हल्ली उपाशी असायलाच हवं असं नाही, आपल्या कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने (हृदयाच्या डॉक्टरांची संघटना) २०२४ मध्ये ज्या गाईडलाईन्स काढल्या त्यातही न-उपाशी टेस्ट चालते असंच म्हटलंय. जेवणाने मुख्यतः ट्रायग्लिसराईड्स (रक्तातली एक चरबी) वर जातात, ते फारच जास्त आले तर मग उपाशीपोटी परत करायचं. शुगरचं वेगळं, तिथे फास्टिंग लागतंच. ज्यांच्या घरी डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन घेणारं म्हातारं माणूस आहे त्यांनी हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या, बारा तास उपाशी ठेवून चक्कर आणण्यात काय पॉइंट आहे.

आता रिपोर्ट. वीसच्या वर पानं, पहिल्या पानावर माणसाची आकृती आणि तिच्यात लालभडक हृदय. दोघांच्याही रिपोर्टवर. माझं टोटल कोलेस्ट्रॉल २२१, नवऱ्याचं २४२, दोन्हीवर लाल बाण, दोन्हीखाली तेच एक वाक्य की तुमच्या हृदयाकडे लक्ष देण्याची गरज आहे. मला रात्रभर झोप नाही, आणि नवरा म्हणतोय बघ तुझं पण वाढलंय म्हणजे तुझ्याच हातच्या जेवणाचा दोष. (हे वाक्य नंतर त्याला महागात पडलं.)

पण आत नीट बघितलं की फरक कळतो. माझं एचडीएल (म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्ट्रॉल) ६२, ट्रायग्लिसराईड्स ९०, एलडीएल (म्हणजे ‘वाईट’) १४१. त्याचं एचडीएल ३८, ट्रायग्लिसराईड्स २१०, एलडीएल १६२. हे एलडीएल बऱ्याच लॅब मोजत नाहीत, गणित करून काढतात, टोटलमधून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराईड्सला ५ ने भागून तेही वजा करायचं. २४२ मधून ३८ गेले, २१० भागिले ५ म्हणजे ४२ तेही गेले, राहिले १६२. फ्रीडेवाल्ड फॉर्म्युला म्हणतात, १९७२ पासून चालू आहे. ट्रायग्लिसराईड्स ४०० च्या वर गेले की हे गणित चालत नाही, मग डायरेक्ट एलडीएल करावं लागतं. तुमच्या रिपोर्टवर ‘कॅल्क्युलेटेड’ की ‘डायरेक्ट’ ते छोट्या अक्षरात लिहिलेलं असतं, बघून ठेवा. आणि अजून एक सोपा आकडा, नॉन-एचडीएल, म्हणजे टोटल वजा एचडीएल, नवऱ्याचा २०४, माझा १५९. शिरांना त्रास देणारं जे जे काही आहे ते सगळं त्यात येतं.

रिपोर्टला माझ्याकडून अडीच स्टार. आकडे चुकीचे नव्हते, दुसरीकडे परत केले तेव्हा जवळपास तेवढेच आले. पण व्हिटॅमिन, आयर्न, अमायलेज, कुठकुठले धातू असं सगळं मोजलंय आणि ज्या घरात बाप ५२ व्या वर्षी गेलाय त्या घरात जी एक टेस्ट हवीच होती ती लिपोप्रोटीन ए (एलडीएलसारखाच एक आनुवंशिक प्रकार), तीच नाही. ती वेगळे पैसे भरून करावी लागली. बीपी कोणी बघितलं नाही. सिगरेट ओढता का, वडलांना काय झालं होतं, कोणी विचारलं नाही. आणि खाली नाव दिलं ‘हार्ट रिस्क स्कोअर’. कसला स्कोअर, डोंबल.

फ्री डायट कन्सल्टेशनला शून्य, असता तर मायनस. रिपोर्ट आल्यावर तासाभरात फोन, बाई गोड बोलत होत्या, पहिलं वाक्य ‘सर का कोलेस्ट्रॉल तो बहुत डेंजर है’, मराठीत बोला म्हटल्यावर मराठीत डेंजर. काय खाता हे विचारायच्या आत एक ‘हार्ट केअर’ पावडर, महिन्याचा डबा अठराशेला, पूर्ण नैसर्गिक, साइड इफेक्ट नाही, ब्लॉकेज विरघळतात. मी डब्याचा फोटो मागवला आणि ठेवून दिला, पुढे कामाला आला. नंतर पण फोन येतच राहिले, शेवटी नंबर ब्लॉक केला.

आता क्लिनिक. राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीत, पहिला मजला, पार्किंग विसरा, स्कूटर गोखले रोडला लावून चालत या. फी ९००. साडेसहाची अपॉइंटमेंट आणि आत गेलो पावणेआठला, रिसेप्शनवरची मुलगी मान वर न करता ‘बसा’ म्हणते, प्लास्टिकच्या खुर्च्या, आवाज बंद केलेल्या टीव्हीवर बातम्या. इथपर्यंत दोन स्टार. पण आत गेल्यावर डॉक्टरांनी आम्हाला जो वेळ दिला तसा मला गेल्या कित्येक वर्षांत कुठे मिळाला नाही, आणि खरं सांगायचं तर पूर्ण पॅकेजपेक्षा या ९०० रुपयांचं मोल जास्त.

ते चोवीस पानी पुस्तक त्यांनी बाजूला ठेवलं, फक्त लिपिडचं पान आणि शुगर, थायरॉइड, किडनी, लिव्हर एवढं बघितलं. थायरॉइड कशाला, तर ते कमी असेल तर त्यानेच एलडीएल चढतं, मग आधी थायरॉइडचं औषध. मग दोन्ही हातांवर बीपी. नवऱ्याचं १४६ वर ९२, थोडं बसवून परत घेतलं तरी तेवढंच. कमरेचा घेर. सिगरेट, तर नवरा म्हणाला ‘ऑफिसमध्ये एखाद-दुसरी’, मी घसा खाकरला, मग तो म्हणाला चार-पाच. पापण्यांजवळ पिवळसर चट्टे आहेत का ते टॉर्चने बघितलं आणि मग म्हणाले मोजे काढा. टाचेच्या वरची जी जाड शीर असते ती चिमटीत धरून बघायची होती, कारण काही घराण्यांत जन्मापासूनच एलडीएल प्रचंड असतं, त्या लोकांत ती जाड होते, आणि असं घराणं साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एक सापडतं. नवऱ्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक. डॉक्टर काही बोलले नाहीत, मीही नाही. टाच नॉर्मल निघाली.

मला वेगळे प्रश्न. पाळी नियमित आहे का, बाळंतपणात बीपी किंवा शुगर वाढली होती का, पीसीओएस होतं का. म्हणाले बायकांमध्ये हे सगळं पुढच्या धोक्यात धरतात आणि पाळी जायच्या सुमारास एलडीएल चढायला लागतं. माझं सगळ्याला नाही, बीपी ११८ वर ७६.

आणि मग जे सांगितलं त्यासाठीच हे सगळं लिहायला बसले. दोघांचे बाण लाल, पण मला गोळी नाही आणि त्याला आजपासून गोळी. त्या कार्डिऑलॉजिकल सोसायटीच्या गाईडलाईन्सप्रमाणे ज्याला फारसा धोका नाही त्याचं एलडीएल १०० च्या खाली असावं, डायबेटिस, बीपी वगैरे असलेल्या हाय रिस्कवाल्यांचं ७० च्या खाली, आणि ज्याला अटॅक येऊन गेलाय किंवा अँजिओप्लास्टी झालीय त्याचं ५५ च्या खाली. म्हणजे लॅबच्या कागदावर सगळ्यांना एकच रेंज छापलेली असते पण प्रत्येकाचं टार्गेट वेगळं. मला १०० गाठायला आधी खाणं-चालणं आणि काही महिन्यांनी परत टेस्ट, नवऱ्याचं बीपी, सिगरेट, वडलांचा इतिहास, कमी एचडीएल, सगळं एकावर एक चढलेलं, त्यामुळे वाट बघायची नाही. डॉक्टरांनी त्याला हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्सच्या थकबाकीचं उदाहरण दिलं, महिन्याची रक्कम किती एवढंच बघून चालत नाही, किती वर्षं थकलीय ते पण बघायचं, एलडीएलचंही तसंच. नवरा कमिटीवर आहे, त्याला ते बरोबर कळलं.

त्याने विचारलंच, मला काही होत नाहीये, दोन जिने चढलो तरी दम लागत नाही, पाहिजे तर टीएमटी करतो (ठाण्याची टीएमटी बस नव्हे, पट्ट्यावर पळवून हृदय तपासतात ती टेस्ट). तर म्हणाले टीएमटी नॉर्मल आली म्हणजे सुटलो असं नसतं, ती टेस्ट शीर बरीच अरुंद झाली असेल तरच पकडते, आणि कित्येक अटॅक थोड्याशाच जमलेल्या थराला तडा जाऊन तिथे गुठळी झाल्याने येतात. आपल्याकडच्या लोकांना पहिला अटॅकच बाकी जगापेक्षा पाच-सहा वर्षं लवकर येतो, इंटरहार्ट म्हणून मोठा अभ्यास झालाय त्यात दक्षिण आशियात मधलं वय ५३ निघालं होतं. सासऱ्यांचं ५२ ऐकल्यावर नवरा गप्प झाला. सीटी कॅल्शियम स्कोअरचं (हृदयाच्या शिरांत साचलेलं कॅल्शियम मोजणारं स्कॅन) मी विचारलं, हल्ली जाहिराती फार दिसतात, तर उत्तर असं की गोळी द्यायची की नाही असं तळ्यात-मळ्यात असेल तिथे ती टेस्ट कामाची, ह्यांच्या बाबतीत निर्णय झालेलाच आहे, पैसे वाचवा. जो डॉक्टर टेस्ट नको म्हणतो त्याला माझा एक स्टार जास्तच.

लिपोप्रोटीन ए करायला सांगितलं ते तेव्हाच. हा आनुवंशिक प्रकार, खाण्यापिण्याने फार हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा मोजला तरी बहुतेकांना पुरतो, ५० च्या खाली असावा. नवऱ्याचा ६८. तो खाली आणणारी साधी गोळी आज नाही, म्हणून हातात जे आहे ते, एलडीएल, बीपी आणि सिगरेट, आणखी घट्ट धरायचं.

गोळी दिली रोसुवास्टॅटिन १०, स्टॅटिन नावाच्या कोलेस्ट्रॉल उतरवणाऱ्या औषधांपैकी एक. लिव्हर स्वतः कोलेस्ट्रॉल बनवतं, हे औषध ते बनवणं कमी करतं, मग लिव्हर रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. डायटवाल्या बाईंकडून मागवलेला पावडरच्या डब्याचा फोटो मी तेव्हा दाखवला. डॉक्टरांनी मोबाईल झूम करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि हसले, त्यात ‘रेड यीस्ट राईस’ होतं. त्या लाल तांदळाच्या बुरशीत मोनॅकोलिन के असतं आणि ते म्हणजेच लोव्हास्टॅटिन, १९८७ मध्ये बाजारात आलेलं पहिलं स्टॅटिन. म्हणजे गोळीला केमिकल म्हणून नाकं मुरडायची आणि त्याच जातीचं औषध, किती आहे ते न लिहिता, अठराशेला डब्यातून विकायचं. वर गोळी चालू असताना ते पण घेतलं तर डबल डोस. स्टॅटिन मुळात बुरशीतूनच सापडलंय, जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात शोधलं, तेव्हा नैसर्गिकच हवं असेल तर घ्या, हे घ्या. लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगर-मधाचा जो काढा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो त्याने ब्लॉकेज विरघळत नाही हेही माझ्या थोरल्या जावेसाठी इथे लिहून ठेवते.

साइड इफेक्ट्सचं त्यांनी लपवलं नाही. अंग दुखू शकतं, लिव्हरचे आकडे क्वचित वाढतात, बॉर्डरवर असलेल्यांची शुगर किंचित वाढू शकते, प्रेग्नन्सीत सहसा देत नाहीत. नवऱ्याच्या पोटऱ्या आठवड्याभरात दुखायला लागल्याच. फोन केला तर डॉक्टरांनी एक गंमत सांगितली. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने २०२० मध्ये एक प्रयोग छापला, स्टॅटिनने त्रास होतो म्हणून गोळी सोडलेल्या ६० लोकांना काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी, काही महिने काहीच नाही, आणि खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला त्याच्या ९० टक्के खोट्या गोळीवरही झाला. म्हणजे दुखतं ते खरंच दुखतं, पण दर वेळी गोळीमुळे नाही. तरी थांबवा म्हणाले नाहीत की चालवून घ्या पण म्हणाले नाहीत, रक्ताची एक टेस्ट करून घेतली, ती नॉर्मल आली, आणि पोटऱ्या आपोआप थांबल्या. खूप दुखलं, लघवी काळपट झाली तर मात्र लगेच फोन करायचा, हे निक्षून सांगितलं.

दीड-दोन महिन्यांनी परत लिपिड. एलडीएल १६२ चं ८९. नवरा खूश, मी खूश, डॉक्टर अर्धे खूश, कारण टार्गेट ७०. मला वाटलं आता १० ची २० करतील. तर नाही, स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल आणखी जेमतेम ६ टक्के उतरतं, त्यापेक्षा इझेटिमाइब जोडलं तर वीसेक टक्के, ते आतड्यातून शोषलं जाणारं कोलेस्ट्रॉल अडवतं. एलडीएल साधारण ३९ ने उतरलं की अटॅक, स्ट्रोक वगैरेचा धोका पाचवा हिस्सा कमी होतो, नवऱ्याचं ७३ ने उतरलंय. सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन पण निघालंय पण ते महाग आणि आम्हाला त्याची गरज नाही म्हणाले. कंपनीच्या नावावर अडून बसले नाहीत, जेनेरिक घ्या, जन औषधीतून घ्या, फक्त बंद करू नका. बीपीची गोळी वेगळी चालू आहे. सिगरेट चार-पाचवरून एखाद-दुसरीवर आलीय असं तो म्हणतो, यावेळी मी घसा खाकरला नाही पण विश्वासही ठेवला नाही.

क्लिनिकची एक गोष्ट अगदीच टुकार, ती म्हणजे निघताना हातात दिलेला डायटचा झेरॉक्स. अवोकाडो, किनोआ, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑईल. अहो, जांभळी नाक्याला जाऊन अवोकाडोचा भाव विचारा एकदा. डॉक्टर तोंडी जे बोलले ते कितीतरी कामाचं होतं आणि ते कागदावर कुठेच नाही: तेल आमच्याकडे चौघांत महिन्याला पाच लिटर लागायचं ते अडीचवर आणा, तूप भातावर चमचाभर ठीक पण वरण, पोळी, शिरा सगळीकडे नको, रोज एक अंडं चालेल, बांगडा जरूर खा पण कढईत बुडवून नको, डाळी, भेंडी, ओट्स, मेथीदाणे यातला चिकट फायबर एलडीएल थोडं ओढतो. खारी आणि नानकटाई बंद. मी म्हटलं आता ट्रान्स फॅटवर कायदा आलाय ना, तर आलाय, २०२२ पासून तेल-तुपात २ टक्क्यांच्या वर नाही चालत, पण त्याच्या जागी पाम तेल येतं आणि त्यात निम्मं सॅच्युरेटेड. तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्ट्रॉल फ्री’ लिहिलेलं बघून जास्त पैसे देऊ नका, वनस्पती तेलात कोलेस्ट्रॉल नसतंच, कुठल्याच. मामलेदारची मिसळ महिन्यातून एकदा चालेल का हे नवऱ्याने विचारलं, उत्तर होतं एकदा चालेल, जादा तर्री नको.

माझं स्वतःचं एलडीएल १४१ वरून १२० वर आलं, तलावपाळीला रोज सकाळी फेऱ्या आणि ते तेल, बाकी काही नाही. १०० अजून लांब आहे, गोळीचं पुढच्या टेस्टनंतर बघू म्हणाले.

तर हिशोब. रक्त काढणं पाच स्टार, रिपोर्ट अडीच, डायटवाली बाई शून्य, क्लिनिकचं वेटिंग दोन, डॉक्टर पाच, झेरॉक्स एक. पॅकेज परत घेणार नाही, लॅब मात्र तीच, त्या पोरासाठी. मुलगा १९ चा आहे, पहिलं लिपिड १८ व्या वर्षी व्हावं आणि बापाचं लिपोप्रोटीन ए जास्त म्हटल्यावर त्याचंही एकदा बघायला हवं असं डॉक्टर म्हणाले, म्हणून या शनिवारचं त्याचं बुकिंग केलंय, फक्त त्या दोन टेस्ट. अ‍ॅपमध्ये सुट्या टेस्टचं पान पॅकेजच्या जाहिरातींखाली पार तळाला दडवलंय, तिथपर्यंत स्क्रोल करा, आणि ‘डायट कन्सल्टेशन हवं’ समोरची खूण आधीच केलेली असते ती काढायला विसरू नका.